बाळाच्या निजेचा नेम

दिवेलागण झाली की लहान मूल असलेल्या घरात एक परिचित दृश्य दिसू लागते. दिवसभर हसणारे-खेळणारे बाळ किरकिर करू लागते. त्याला कोणी खांद्यावर घेते, कोणी खुळखुळा वाजविते, कोणी मीठ-मोहरीने दृष्ट काढते. चूल पेटलेली असते, दूरदर्शन संच चालू असतो, शेजारी बसावयास आलेले असतात. दहा वाजतात, अकरा वाजतात; घरातील सर्व मंडळी निजतात, आणि बाळाला मांडीवर घेऊन आई एकटीच जागी राहते. पहाटे पुन्हा कामाला तीच सर्वांच्या आधी उठते.

बालकाचे वजन नोंदविण्याची, त्याचे लसीकरण वेळेवर करण्याची आणि आहाराची चौकशी करण्याची सवय गेल्या काही दशकांत गावोगाव रुजली आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांतून एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा प्रारंभ झाला. तेव्हापासून अंगणवाडीने या कामी बजावलेली कामगिरी मोठी आहे. तथापि, बाळ झोपते केव्हा, कसे आणि किती, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. झोप ही आपोआप घडणारी गोष्ट आहे, ती शिकवावी लागत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. तो निम्माच खरा आहे. झोप निसर्ग देतो. परंतु झोपेची वेळ आणि वाट घराने घालून द्यावी लागते.

झोपेची गरज

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील बालकांसाठी मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यांनुसार पहिल्या तीन महिन्यांत बाळाला दिवसरात्र मिळून १४ ते १७ तास, चार ते अकरा महिन्यांच्या वयात १२ ते १६ तास, आणि एक ते दोन वर्षांच्या बालकाला ११ ते १४ तास झोप आवश्यक आहे. दिवसाच्या डुलक्याही यात धरलेल्या आहेत. जागेपणी पाहिले, ऐकले आणि हाताळले ते झोपेत मेंदूमध्ये पक्के होत असते. अपुऱ्या झोपेचे मूल चिडचिडे होते आणि अंगावर नीट पीत नाही, हा अनुभव प्रत्येक आईला असतो.

नवजात बाळाला रात्र आणि दिवस यांतील भेद कळत नाही. त्याचे पोट लहान असल्यामुळे दर दोन-तीन तासांनी त्याला भूक लागते. त्याच्या झोपेचे एक आवर्तन तासाभराहून मोठे नसते आणि त्यातील जवळजवळ अर्धा भाग हलक्या, चाळवलेल्या झोपेचा असतो. त्या झोपेत बाळ हातपाय हलविते, ओठ हलविते, कण्हते. पण ते जागे झालेले नसते. मेंदूतील दिवस-रात्रीचे घड्याळ दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून हळूहळू लागू लागते. अंधार पडल्यावर शरीरात मेलॅटोनिन नावाचे द्रव्य स्रवते आणि झोपेची चाहूल देते. रात्रीच्या मातेच्या दुधातही हे द्रव्य असते. उलट, डोळ्यांवर पडणारा प्रखर प्रकाश त्याचे स्रवणे रोखतो.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिल्या सहा-आठ आठवड्यांत बाळावर कोणताही नेम लादू नये. मागेल तेव्हा दूध द्यावे. त्या काळात एवढेच करावे की, दिवसा घरात उजेड आणि बोलणे-चालणे असावे, रात्री मंद प्रकाश आणि शांतता असावी. दुसरी गोष्ट अशी की, दोन-तीन महिन्यांनंतर शरीराचे घड्याळ लागू लागते, तेव्हा घराने त्याला साथ द्यावी. निजेचा नेम लावण्याची ही योग्य वेळ होय.

नेम म्हणजे घड्याळ नव्हे, क्रम

निजेचा नेम म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर स्वतंत्र खोली, रंगीत पाळणा आणि भिंतीवरचे घड्याळ उभे राहते. यांपैकी कशाचीही गरज नाही. रोज रात्री त्याच चार-पाच गोष्टी, त्याच क्रमाने, अर्ध्या तासाच्या आत करणे म्हणजे नेम. बाळाला घड्याळ कळत नाही, क्रम कळतो. अंग पुसले की दुपटे येते, दुपटे आले की दूध येते, दूध झाले की गाणे येते, आणि गाण्यानंतर झोप येते, ही साखळी काही दिवसांतच त्याच्या परिचयाची होते. पहिली कडी हाती आली की शरीर शेवटच्या कडीची तयारी करू लागते.

या साध्या गोष्टीचा शास्त्रीय अभ्यासही झाला आहे. अमेरिकेतील जोडी मिंडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये ४०५ माता व त्यांची लहान मुले यांच्या निरीक्षणाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या घरांत दोन आठवडे झोपेपूर्वीचा ठरावीक क्रम पाळला गेला, तेथील मुले लवकर झोपी गेली, रात्री कमी वेळा उठली, आणि मातांच्या मनःस्थितीतही सुधारणा दिसली. याच मालिकेतील पुढील विश्लेषणात असे आढळले की, सुधारणेचा बराचसा भाग पहिल्या तीन रात्रींतच दिसून येतो.

मराठी घराला साजेसा क्रम पुढीलप्रमाणे सांगता येईल. दिवेलागणीनंतर सुमारे तासाभराने घरातील मोठा दिवा मालवून लहान दिवा ठेवावा आणि दूरदर्शनचा आवाज बंद करावा. कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कापडाने बाळाचे तोंड, हात, पाय आणि जांघा पुसून घ्याव्यात. रोज रात्री अंघोळीची आवश्यकता नाही. सकाळची अंघोळ पुरेशी आहे. नंतर कोरडा लंगोट व सैल सुती कपडे घालावेत. तळपायांना आणि पाठीला हलक्या हाताने चोळावे. दूध पाजून, खांद्यावर घेऊन ढेकर काढावा. त्यानंतर एकच अंगाई, रोज तीच, हळू आवाजात म्हणावी. बाळाचे डोळे जड झाले, पण पुरते मिटले नाहीत, अशा वेळी त्याला अंथरुणावर ठेवावे. मांडीवर गाढ झोपलेले बाळ अंथरुणावर ठेवताच दचकून उठते. अंथरुणावरच झोपी गेलेले बाळ मध्यरात्री जागे झाले तरी पुन्हा त्याच ठिकाणी झोपी जाणे हळूहळू शिकते.

झोपेची वेळ ओळखणे हाही नेमाचाच भाग आहे. डोळे चोळणे, कान ओढणे, जांभई देणे, नजर दुसरीकडे वळविणे ही बाळाची भाषा आहे. ती वेळ टळली की अतिश्रमाने बाळ अधिकच रडते, आणि घरातील माणसे म्हणतात, "याला झोपच नाही." वस्तुतः झोप येऊन गेलेली असते.

जुन्या रीती : काय ठेवावे, काय सोडावे

महाराष्ट्रातील घरांना निजेचा नेम नवा नाही. तिन्हीसांजेला देवापाशी दिवा लावणे, मुलांनी शुभंकरोती म्हणणे, आजीने पाळण्याची दोरी हाती घेणे, अंगाई गाणे, या सर्व गोष्टी म्हणजे दिवस संपल्याची खूणच होती. हा वारसा जपण्यासारखा आहे. अंगाईला सूर चांगला लागतो की नाही, याला महत्त्व नाही. बाळाला आवाज ओळखीचा असला म्हणजे पुरे.

परंतु काही रीती सोडावयास हव्यात. त्यांत सर्वांत घातक रीत म्हणजे झोप यावी म्हणून बाळाच्या पोटात काहीतरी घालणे. मुंबईतील गिरण्यांत काम करणाऱ्या कितीतरी माता एके काळी आपल्या तान्ह्या मुलांना अफूची 'बाळगोळी' देऊन कामावर जात. भारतातील कामगारांच्या स्थितीची पाहणी करणाऱ्या राजेशाही आयोगाच्या १९३१ च्या अहवालात औद्योगिक वस्त्यांतील या प्रथेची दखल घेण्यात आली होती. त्या माता निर्दय नव्हत्या. मुलाजवळ बसावयास घरी कोणी नव्हते, आणि कामावर न गेल्यास चूल पेटत नव्हती. माणसाची जागा गोळीने घेतली होती. पुढे १९४८ च्या कारखाने अधिनियमात पाळणाघराची तरतूद झाली, तिच्यामागे हा इतिहासही आहे.

अफूची गोळी मागे पडली, तरी तिच्या मागची वृत्ती अद्याप पुरती गेलेली नाही. सर्दी-खोकल्याच्या ज्या औषधाने गुंगी येते ते बाळ झोपावे म्हणून देणे, गुटीत जायफळ जास्त उगाळणे, हे प्रकार आजही कानावर येतात. गुंगी म्हणजे झोप नव्हे. गुंगीतील बाळाचा श्वास मंदावू शकतो, आणि भूक लागली तरी ते उठत नाही. जायफळ अधिक प्रमाणात पोटात गेल्यास विषबाधा होते. पहिले सहा महिने मातेच्या दुधाखेरीज गुटी, मध, साखरेचे पाणी यांपैकी काहीही देऊ नये. मध तर वर्षभर देऊ नये. वैद्यकीय अधिकाऱ्याने सांगितल्याशिवाय कोणतेही औषध बाळाला पाजू नये. अंघोळीनंतर ओवा-वावडिंगाची धुरी देण्याची प्रथाही थांबवावी. धूर बाळाच्या कोवळ्या फुप्फुसांना अपायकारक आहे.

या जुन्या गोळीची जागा काही घरांत आता भ्रमणध्वनीने घेतली आहे. रडणाऱ्या बाळासमोर हलती चित्रे धरली की ते क्षणभर गप्प होते, हे खरे. पण ते शांत झालेले नसते, स्तब्ध झालेले असते. एक वर्षाखालील बालकास पडद्यासमोर मुळीच बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे स्पष्ट मत आहे. निजेच्या वेळी तर पडद्याचा प्रकाश आणि हलती दृश्ये दोन्ही झोपेच्या विरुद्ध काम करतात.

रात्रीची जाग

नेम लागला म्हणजे बाळ रात्रभर उठणारच नाही, अशी अपेक्षा करणे योग्य नाही. निदान पहिले सहा महिने रात्री दूध पिण्यासाठी उठणे हा बाळाचा हक्क आहे. रात्रीच्या स्तनपानामुळे मातेचे दूधही चांगले टिकून राहते. बाळाने रात्रभर झोपावे म्हणून वरचे दूध किंवा पेज लवकर सुरू करू नये.

तथापि रात्रीची जाग आणि दिवसाची जाग यांत फरक ठेवता येतो. बाळ चाळवले की लगेच उचलू नये, मिनिटभर थांबावे. पुष्कळदा ते आपोआप पुन्हा झोपते. खरोखर जागे झाले असेल तर मंद प्रकाशात, न बोलता, न खेळविता पाजावे आणि परत निजवावे. लंगोट ओला असेल तेवढाच बदलावा. बाळाला एकटे रडत ठेवणे हा नेमाचा भाग नाही.

दीड महिन्याच्या सुमारास संध्याकाळचे रडणे सर्वांत अधिक असते आणि तीन-चार महिन्यांत ते बहुधा ओसरते. हा वाढीचा एक टप्पा आहे. त्यात मातेची चूक नाही आणि कोणाची दृष्टही नाही. अशा वेळी सहनशक्ती संपत आली तर बाळ दुसऱ्याच्या हाती द्यावे, किंवा सुरक्षित जागी ठेवून दोन मिनिटे बाहेर यावे. संतापाच्या भरात बाळाला गदागदा हलविणे त्याच्या मेंदूला कायमची इजा करणारे ठरू शकते.

सुरक्षित अंथरूण

बाळाला दिवसा आणि रात्री उताणेच निजवावे. पाश्चात्त्य देशांत १९९० नंतरच्या दशकात या एका गोष्टीचा प्रचार झाला आणि झोपेत अकस्मात होणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण अनेक ठिकाणी निम्म्याहून खाली आले. अंथरूण सपाट व घट्ट असावे. उशी, लोड, जाड गोधडी, खेळणी बाळाच्या तोंडाजवळ ठेवू नयेत. पांघरूण छातीच्या वर जाऊ देऊ नये, आणि उकाड्यात बाळाला कुंची-दुपट्यात गुरफटून ठेवू नये. मच्छरदाणी अवश्य लावावी. साडीच्या झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास अडू शकतो. म्हणून झोळीत झोपी गेलेले बाळ उचलून सपाट अंथरुणावर ठेवावे.

आई आणि बाळ एकत्र निजण्याची आपल्याकडील रीत स्तनपानाला सोयीची आहे. मात्र मद्य अथवा गुंगीचे औषध घेतलेल्या आणि धूम्रपान करणाऱ्या व्यक्तीने बाळाशेजारी निजू नये. कमी वजनाच्या किंवा दिवस पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळासाठी आईच्या अंथरुणाला लागून वेगळे अंथरूण करावे. पाजता पाजता बसल्या जागी आईचा डोळा लागणे धोक्याचे असते. अशा वेळी घरातील कोणीतरी जवळ असावे.

एका खोलीचे घर, उसाच्या फडातील कोपी

हे सारे प्रशस्त घरांना शक्य आहे, एका खोलीत सहा माणसे राहतात तेथे कसे साधणार, असा प्रश्न येथे उपस्थित होईल. तो रास्त आहे. ऊसतोडीच्या हंगामात बीडसारख्या जिल्ह्यांतून हजारो कुटुंबे कारखान्यांच्या परिसरात जातात आणि चार-सहा महिने कोपीत राहतात. आईबाप पहाटेच्या अंधारात फडावर निघतात. बाळ कधी झोळीत, कधी उसाच्या पाचटावर निजते. तेथे स्वतंत्र खोली नाही आणि ठरलेले घड्याळही नाही.

परंतु क्रम तेथेही नेता येतो. तेच दुपटे, तेच गाणे, अंग पुसण्याची तीच रीत आणि त्यानंतरचे दूध. जागा बदलली तरी या चार गोष्टी बदलल्या नाहीत, तर बाळाला आपले घर सापडते. किंबहुना जेथे जागा सतत बदलते तेथे क्रमाची गरज अधिक आहे. एका खोलीच्या घरात दिव्यावर कागदाचा आडोसा करणे, बाळाचे अंथरूण दारापासून दूरच्या कोपऱ्यात घालणे आणि अर्धा तास सर्वांनी हळू बोलणे, एवढेही पुरते. यासाठी पैसा लागत नाही. घरातील प्रत्येकाचे सहकार्य लागते.

आणि हाच या विषयाचा गाभा आहे. निजेचा नेम हे एकट्या आईचे काम नाही. संध्याकाळी स्वयंपाक, भांडी, पाणी आणि बाळ हे सारे एकाच स्त्रीवर पडले तर कोणताही नेम टिकणार नाही. अंग पुसणे, लंगोट बदलणे, ढेकर काढणे, अंगाई म्हणणे, यांपैकी दूध पाजण्याखेरीज सर्व कामे वडिलांना, आजी-आजोबांना, आत्याला करता येतात. वडिलांच्या आवाजातील गाण्यानेही बाळ निजते.

झोप नव्हे, आजार

अधिक झोपणारे बाळ म्हणजे गुणी बाळ, असा एक समज आहे. नवजात बाळ दुधासाठी उठत नसेल, उठविल्यावरही ओढून पीत नसेल, हातपाय सैल पडले असतील, अंग तापलेले किंवा गार लागत असेल, श्वास जलद चालत असेल, छाती आत ओढली जात असेल किंवा झटके येत असतील, तर ती झोप नव्हे, आजार होय. अशा बाळाला विनाविलंब प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा रुग्णालयात न्यावे.

गावाने काय करावे

गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' संस्थेच्या माध्यमातून डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी घरोघरी नवजात बालकाची काळजी घेण्याची पद्धती सिद्ध करून दाखविली. तिचे निष्कर्ष १९९९ मध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे ती देशाने स्वीकारली. आज आशा कार्यकर्ती रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, आणि नंतर ३, ६, ९, १२ व १५ व्या महिन्यांत भेट देते. या भेटींत दोन प्रश्नांची भर घालणे सहज शक्य आहे : बाळ कोठे व कसे निजते, आणि रात्री आईला मदत कोण करते? उत्तराबरोबर अंथरूण प्रत्यक्ष पाहिले, तर पुष्कळसे धोके तेथेच टळतील.

अंगणवाडीतील माता-बैठकीत वडिलांना आणि सासूबाईंनाही बोलवावे. शिक्षकांना आपल्या वर्गात तान्ह्या भावंडांना सांभाळणारी मुले भेटतात. बाळाला उताणे निजवावे आणि त्याच्यासमोर भ्रमणध्वनी धरू नये, या दोन गोष्टी ही मुले घरी पोहोचवू शकतात.

ग्रामपंचायतीच्या हाती याहून महत्त्वाची गोष्ट आहे, ती म्हणजे गावाची रात्र. ध्वनिप्रदूषण नियंत्रणाच्या २००० च्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे, आणि शासनाने सवलत दिलेल्या मोजक्या दिवसांचाच तिला अपवाद आहे. निवासी भागात रात्रीच्या आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल ठरविण्यात आली आहे. वरात असो, जत्रा असो वा कोणाचा वाढदिवस, नियमाचा आग्रह धरणे अनेकदा सदस्यांना अवघड वाटते. अशा वेळी ग्रामसभेत एवढेच सांगावे की, आपल्या गावात या वर्षी इतकी बालके जन्माला आली आहेत, आणि त्या प्रत्येक घरात एक आई जागी आहे. तान्ह्या बाळाचे नाव पुढे केले की विरोध करणारे फारसे कोणी उरत नाही. डासांच्या उत्पत्तीची ठिकाणे नाहीशी करणे आणि रस्त्यावरील दिव्यांचा झोत घरांत शिरणार नाही असे पाहणे, ही कामेही याच सदरात येतात.

बाळाला झोप विकत आणून देता येत नाही, औषधाने आणू नये, आणि धाकाने आणता येत नाही. मंद दिवा, कोरडे दुपटे, पोटभर दूध आणि ओळखीचा आवाज यांच्या मागोमाग ती आपल्या पावलांनी येते. तिच्यासाठी रोजचा अर्धा तास राखून ठेवणाऱ्या घरात बाळाबरोबर आईलाही विसावा मिळतो, आणि दुसऱ्या दिवशीचे काम तिला पेलते.